बाबांनी उचललेली ओळ

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. लिहितानाही नीट जमेल की नाही, कोण जाणे.

एका मोठ्या गायिकेच्या आयुष्यावरचा सिनेमा वर्ध्याला लागला होता. सावंगीला नर्सिंग शिकणाऱ्या आम्ही चौघी रविवारी दुपारच्या शोला जाणार होतो. आदल्या दिवशी फोनवर मी बाबांना सहज बोलून गेले.

"मीबी येतो न मंग," ते म्हणाले.

वडनेरच्या भजन मंडळात बाबा कित्येक वर्षं झील धरतात; म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या मागे बसून ओळ परत म्हणतात. गाण्याचा सिनेमा ते कसा सोडतील?

मी सांगितलं, मागची तिकिटं संपली, तुम्ही समोर बसा. तिकिटं संपली नव्हती. त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा, त्यांचं मोठ्यानं बोलणं मला मैत्रिणींना दाखवायचं नव्हतं. घरी कोण काय करतं, हे मी त्या तिघींना कधी धड सांगितलंच नव्हतं.

सिनेमाच्या शेवटी म्हातारी झालेली गायिका शेवटच्या कार्यक्रमात उभी राहते. सिनेमाभर तीनचारदा ऐकलेलं गाणं सुरू करते आणि अर्ध्या ओळीत तिचा आवाज बसतो. वाद्यं थांबतात. पडद्यावर नुसता तिचा चेहरा.

आमच्या मंडळात असं झालं तर मागच्यानं ओळ लगेच उचलायची असते. गाणं खाली पडू द्यायचं नाही. विचार करायला तिथे वेळच नसतो.

समोरच्या अंधारातून बाबांनी ओळ उचलली. खड्या आवाजात, शेवटपर्यंत.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग सगळं थिएटर हसायला लागलं.

"ओ काका, सिनेमा आहे हा, भजन नाई!"

"माईक द्या रे काकाले!"

माझ्या शेजारची मैत्रीण हसत म्हणाली, "कोण आहे गं हा नमुना?"

"असेल कोणी खेड्यातला," मी म्हणाले. आणि हसलेसुद्धा.

बाहेर आलो तर बाबा पायऱ्यांपाशी उभे होते. आता हाक मारतील. ते दोन पावलं पुढे आले, मैत्रिणींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, बसस्टँडले कोणीकडून जा लागते?"

मला भेटायला ते दर महिन्याला त्याच स्टँडवर उतरतात; मी त्यांना तिथेच जाऊन भेटते. चेहऱ्यावर राग नव्हता. अनोळखी माणूस थांबतो तसे ते उत्तरासाठी थांबले होते.

मी हात करून दाखवलं. "इकडून सरळ जा, काका."

"बरं, ताई."

ते निघाले. मैत्रीण त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली, "आवाज मात्र सुरेख आहे गं त्यांचा."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. बाबा अजून रस्त्याच्या वळणापर्यंतसुद्धा पोचले नव्हते.