स्टिअरिंग सरळ झालं, हात राहिले

कन्हेरीच्या माझ्या चुलत्यांची, म्हणजे आबांची, जुनी मोटार लांबूनच ओळखू यायची. बाकीच्या गाड्या रस्त्यानं येतात. ही रस्ता मापत यायची, या कडेपासून त्या कडेपर्यंत. समोरचा ट्रॅक्टरवाला शहाण्यासारखा रस्ता सोडून खाली उतरायचा. आबा काच खाली करून त्याला राम राम घालायचे. त्यांना वाटायचं, लोक आपला मान ठेवतात.

गाडी आबांच्या ऐन उमेदीतली. गोल पाठीची, बदामी रंगाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. ते स्टिअरिंग इतकं झिजलं होतं की चाक वीतभर फिरवलं तरी पुढच्या चाकांपर्यंत बातमी पोचायची नाही, आणि पोचली की एकदम पोचायची. गॅरेजवाले याला 'प्ले' म्हणतात.

दर भाऊबीजेला आबा ही गाडी घेऊन कळसला थोरल्या बहिणीकडे जात. स्वतः चालवत. यात मोडता घातला त्यांच्या थोरल्या लेकानं.

हा माझा चुलतभाऊ म्हणजे पांढऱ्या कपड्यांतलं नेतृत्व. निवडून अजून कुठंच आलेला नाही, पण चौकातल्या फ्लेक्सवर त्याचा गॉगल फार छान येतो. विहिरीवरची मोटर जळाली तरी तो बैठक लावतो आणि निर्णय बैठकीच्या आधीच झालेला असतो. दसरा झाल्या झाल्या त्यानं ओसरीवर अशीच बैठक लावली. मी बारामतीत राहतो. अशा ठिकाणी मला बोलवावं लागत नाही, मी वासावर येतो.

"आबा, आता वय झालं," नेतृत्वानं सुरुवात केली. "तुमचं हात हालत्यात. औंदा कळसला माझी गाडी न्या. डायवर देतो. मागं निवांत बसायचं."

"हात न्हाय, स्टिअरिंग हालतंय," आबा म्हणाले.

"मग करा नीट. नीट झाल्यावर सगळ्यांसमोर सरळ चालवून दावा. जमलं तर किल्ली तुमची. न्हाय जमलं तर गाडी भंगारात."

"चालंल. पर शब्द फिरवायचा न्हाय."

"म्या कवा फिरवलाय?"

ओसरीवरच्या सगळ्यांना एकदम खोकला आला.

गाडी आणि आबा, दोघांना मी माझ्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेलं. बारामतीतला हा मिस्त्री गाडी तपासत नाही, तिची कुंडली मांडतो. दोन्ही हातांनी चाक धरून त्यानं गदागदा हलवलं, डोळे मिटले, आणि आबांना विचारलं, "ही चालवत कोण हुतं?"

"मी."

"पाय कुठं हायती तुमचं? डोकं टेकवू द्या."

स्टिअरिंगचा दांडा नळीतून बाहेर ओढल्यावर आबांचे घरगुती इलाज एकामागून एक बाहेर पडू लागले. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याचा तुकडा. पंपाचा चामडी वायसर. सायकलची ट्यूब. ग्रीसमध्ये मुरलेली सुतळी.

"आबा, हे स्टिअरिंग हाय का गोधडी?"

आबांनी शांतपणे वायसर उचलला, धोतराला पुसला आणि खिशात टाकला. "चांगला हाय अजून."

नळीतला बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजून लांबट झाला होता आणि दांड्याला खाच पडली होती. लेथवाल्यानं दांड्यावर वेल्डिंगचा थर चढवून तो गुळगुळीत उतरवला, गनमेटलचा नवा बुश करून दिला. स्टिअरिंगच्या खालच्या बॉक्समधली ढिलाई मिस्त्रीनं काढली आणि त्यासाठी स्वतःचं इतकं कौतुक केलं की आम्हाला वेगळं करावं लागलं नाही. गाडी त्यानंच कन्हेरीला आणून सोडली. अगदी सुतात.

चाचणीचा नेतृत्वानं कार्यक्रम केला. खुर्च्या मांडल्या, नारळ फोडला, एक कार्यकर्ता मोबाईलवर शूटिंग घ्यायला उभा केला. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधून घराकडे येणारा रस्ता. आबा टोपी सारखी करून बसले, गाडी निघाली, आणि पहिल्या गिअरमध्येच ती डावीकडे झेपावली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे.

मला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि हसू की रडू असं झालं. इतकी वर्षं आबांचे हात त्या झिजलेल्या चाकाला शिकलेले. ते सवयीनं वीतभर फिरवत होते आणि गाडी आता प्रामाणिकपणे वीतभर वळत होती. शेवटी ती उसात शिरली. बाहेर फक्त डिकी राहिली.

"तोड सुरू झाली वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

नेतृत्वानं किल्ली काढून घेतली, पांढऱ्या शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशावर थाप मारली. "बघितलं ना समद्यांनी? भंगारवाल्याला दिवाळी झाल्यावर बोलवू."

चहा आला, तो आबांनी घेतला नाही. एवढं मात्र मला हसण्यावारी नेता येईना. मी शेजारी जाऊन बसलो.

"पोराच्या गाडीत मागं बसून गेलो," ते हळू आवाजात म्हणाले, "तर आक्का म्हणंल, भाऊ म्हातारा झाला."

"झालाच आहात की."

"व्हय. पर तिला कशाला कळू द्यायचं? ती माझ्यापरीस थोरली हाय."

गाडीची किल्ली नेतृत्वाच्या खिशात होती. पण आबांकडे आणखी एक किल्ली होती. त्या गाडीत स्टिअरिंगच तेवढं झिजलेलं होतं असं थोडंच? किल्लीचं भोकही इतकं सैल झालेलं की चुलतीच्या कपाटाच्या किल्लीनं गाडी चालू व्हायची. हे नवरा-बायकोलाच ठाऊक होतं, आता मला कळलं.

नेतृत्व सकाळी उशिरा उठतं. त्याआधी आम्ही साखर कारखान्याच्या तळावर जायचो. गाळप सुरू व्हायचं होतं, त्यामुळे उसाच्या गाड्यांचं ते मैदान मोकळं होतं. आबा चालवायचे, मी शेजारी बसून ओरडायचो.

"एवढं नको, बोटभर! आबा, पोळी लाटताय का?"

"तू गप. मला ऐकू येईना गाडी काय म्हणती ते."

"ती म्हणतीय, सोडा मला."

आमच्या घिरट्या बघून एकदा वॉचमन आला. "आबा, काय हरवलंय का?"

"न्हाय बाबा. जास्तीचं हाय, ते टाकाय आलूय."

कुठल्या सकाळी ते टाकून झालं, सांगता येणार नाही. एक दिवस मी ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडण्यासारखं काही घडलंच नाही.

भाऊबीजेला दारात नेतृत्वाची मोठी गाडी, पुसून, दार उघडून, ड्रायव्हरसकट तयार. आबा इस्त्रीचं धोतर नेसून बाहेर आले आणि सरळ जाऊन आपल्या गाडीत बसले. मी शेजारी. नेतृत्वानं हसून खिशावर थाप मारली. तेवढ्यात इंजिन सुरू झालं. हात खिशावरच राहिला.

"आबा! शब्दाचं काय?"

"चाचणी चालू हाय अजून. मागनं ये आन बघ."

आम्ही निघालो. मागून काही वेळ हॉर्न वाजत होता, मग तो कमी झाला, मग बंदच पडला. गाडी आपली बाजू धरून नाकासमोर चालली होती. मी दाराचं हँडल धरून ठेवलेलं, ते कधी सोडलं कळलंही नाही.

कळसला पोचलो तर दारात कुणी नाही. आबांचा चेहरा उतरला. हॉर्न दिल्यावर आक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"कुणी चालवली गाडी?"

"आगं, मीच की."

"तू? आरं, तू यायचास तवा गाडी त्या वळणावर हिकडंतिकडं डुलायची. ही सरळ आली म्हून म्या खट्टू हून आत गेले. म्हटलं, पोरानं डायवर दिला, भाऊ म्हातारा झाला."

मी तोंड फिरवून हसून घेतलं. तेवढ्यात मागची गाडी येऊन थांबली आणि नेतृत्व उतरलं. नेहमीसारखं भाषण न करता त्यानं खिशातून किल्ली काढली आणि आबांपुढं धरली. आबांनी ती घेतली, नीट बघितली, टोपी काढून टोपीत ठेवली आणि टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"आक्का, ओवाळून घे आन जेवाय वाढ लवकर," ते म्हणाले. "दिस हाय तवर माघारी निघायचंय. ह्याच्या डायवरला माझ्या मागनं यायला लई वेळ लागतुय."