सत्काराच्या शालीखालचा अंधार

माझी पीएचडी ज्या लाकडी पेटीत अडकली होती, तिला जागोजागी फटी होत्या. नवी पेटी मागितली तर माझे गाईड सर म्हणाले, "वरनं शाल टाक की." सरांकडे शालींना काय तोटा! कुणाच्या दुकानाचं उद्घाटन असो की शाळेचं गॅदरिंग, सत्काराला सर हजरच. सगळ्या शाली लॅबच्या कपाटात येऊन पडायच्या.

पेटीत काचपट्टीवर ग्राफीन आणि झिंक ऑक्साईडचा मी चढवलेला थर. अंधारात त्यातनं करंट कमी जायला हवा आणि पेटीतला दिवा लावला की वाढायला हवा. हा फरक म्हणजेच माझी पीएचडी, आणि नेमका तोच येईना. दोन वर्षं मी ग्राफीन कमी-जास्त करत बसले, पण अंधारातला करंट काही खाली उतरेना. सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "हिच्या हाताला गुणच नाही." शेवटी बजावलं, "या महिन्यात फरक दाखव, नाहीतर विषय बंद." आणि मी गाढवासारखी रडत बसले.

एक दिवस माझा विसरलेला जेवणाचा डबा घेऊन बाबा लॅबवर आले. बाबांची तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात, मागावर गेलेली. त्यांनी पेटीवरची शाल उचलली, खिडकीकडे धरली आणि मागे पंजा धरला. "बोटं मोज."

मी मोजली. पाच.

"ह्याला कापड म्हनायचं व्हय? आरपार उजेड येतोय की!"

मागावरच्या माणसाची लेक मी, पण दोन वर्षांत एकदाही ती शाल उजेडाला धरून पाहिली नव्हती. सरांच्या सत्काराची ना! स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी घरची जुनी जाड चादर चौपदरी करून पेटी झाकली. या थराला एकदा उजेड लागला की करंट उतरायला तासन् तास लागतात. सकाळी झाकली, दुपारी पाहिलं तर करंट पार तळाला. दिवा लावताच सुसाट वर. थर पहिल्यापासून चांगलाच होता.

सर काय म्हणाले असतील? "मी म्हणतच होतो, विषय दमदार आहे." पेपर छापून आला आणि लगेच सत्कारही झाला, अर्थात सरांचा. भाषणात त्यांची चिकाटी, त्यांची दूरदृष्टी. माझा उल्लेख नाही, मग चादरीचा कुठला! कार्यक्रम संपल्यावर नवी शाल माझ्या हातात कोंबून म्हणाले, "लॅबमध्ये ठेव. पेटीवर टाकायला होईल."

कार्यक्रमाला माझ्यासोबत आलेले बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी शाल माझ्याकडनं घेतली, ट्यूबलाइटकडे धरली, मागे पंजा धरला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "सर, मोजा की."