खेळ या अर्थाचा एक डॅनिश शब्द

बाबा निवृत्त संस्कृत शिक्षक. शब्दांची मुळं शोधून चिठ्ठ्यांवर लिहायचे आणि बुटांच्या खोक्यांत ठेवायचे. अलकापुरीतल्या आमच्या घरी वरच्या मजल्यावर एक डॅनिश इंजिनियर भाड्यानं राहायचा, गोरव्याच्या कारखान्यात कामाला. त्याच्याकडून बाबांना 'लाय' मिळाला. त्यांच्याकडे लाय म्हणजे खेळ.

आठवड्यानं बाबा जेवताना म्हणाले, "गॉथिकमध्ये हाच शब्द म्हणजे नाच. आणखी मागे गेलं तर आपला रेज् धातू. थरथरणं. खेळाच्या मुळाशी कंप आहे बघ."

आई म्हणाली, "पोरगा जाऊन तीन महिने झाले, आणि तुम्ही डेन्मार्कात."

दादा बाबांशी भांडून करजणच्या बसमध्ये बसला, एवढंच कळलं होतं.

तेव्हा तिथल्या आम्हा मराठी लोकांत प्लँचेटचं वेड होतं. एका दुपारी आईनं कॅरम बोर्डावर खडूनं अक्षरं लिहिली, मध्ये वाटी उपडी घातली. आई, बाबा आणि मी, तिघांची बोटं वाटीवर. "कुठं आहेस?" आईनं विचारलं. वाटी थरथरली. मग 'पा'वर गेली, मग 'णी'वर. करजणच्या पुढे नर्मदा आहे.

आईचा चेहरा मला बघवेना. तिनं "येशील का रे?" विचारलं, तेव्हा मी वाटी 'हो'कडे ढकलली. ती जड लागली. कुणीतरी उलट रेटत होतं.

त्या 'हो'वर आईनं सव्वीस वर्षं काढली. दादाचं श्राद्ध करू दिलं नाही. माझ्याकडे पुण्याला आली नाही. मी गप्प राहिलो.

बाबा गेल्यावर 'लाय'ची चिठ्ठी सापडली. खाली पेन्सिलनं, थरथरत्या अक्षरात भर घातलेली: जुन्या इंग्रजीत याच शब्दाचा अर्थ बळी, अर्पण असाही.

त्या दिवशी मी आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"आई, 'हो' मी ढकललं होतं."

"माहीत आहे. तुझं नख पांढरं पडलं होतं."

"बाबा उलट रेटत होते का?"

"नाही. शेवटच्या आजारात विचारलं मी त्यांना. मीही नव्हते."

ती मेथीची पानं खुडत राहिली.

"मग वाट का बघत बसलीस?"

"तू एवढा जीव लावून हो म्हणालास. तुला खोटं कसं पाडू?" तिनं जुडी बाजूला ठेवली. "आता तूच म्हणतोस तर चालशे, चालेल मला. भटजींना फोन कर."

भटजींनी दादाची तिथी विचारली. मला ती ठाऊक नव्हती. आईनं वाटीच्या त्या दुपारची सांगितली, पंचांग न बघता.