दोघांना पेलणारी चाकं

संक्रांत झाली आणि पाथरीहून निरोप आला. सासूबाईंचे पाय आखडले होते, दसऱ्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. सुगीचे दिवस, वालुरात एकही बैलगाडी मोकळी नव्हती. मी भिक्षुक माणूस, आसपासच्या गावांतली लग्नं-पूजा सायकलवरच उरकतो. तेव्हा गंगूला, म्हणजे माझ्या बायकोला, मागं बसवलं आणि निघालो. वेशीबाहेरच्या पहिल्याच चाकोरीत मागचं चाक भाजल्या पापडासारखं मुडपलं.

पारावरची मंडळी पोट धरून हसली. "महाराज, वैनीला जरा कमी जेवू घाला की!"

गंगू घरी चालत आली. दार लावल्यावर म्हणाली, "मी पुन्हा सायकलवर बसायची नाही. आईकडं पायी जाईन."

"चाक जुनं होतं, गंगू. परभणीला चल. नवीन चाकं तूच निवड."

"दोघांना पेलणारी मिळाली तरच हं," ती म्हणाली.

दोन दिवसांनी वाण्याची मालाची बैलगाडी सेलूला जायलीय असं कळलं. सरकीच्या पोत्यांवर आम्ही दोघं आणि पांगळी सायकल. पुढं रेल्वे. सायकल न्यायची असेल तर तिकिटाआधी मालाच्या खिडकीशी जा. तिची वेगळी पावती होते आणि सायकल मागच्या डब्यात चढते. गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. परभणीच्या स्टेशनाबाहेर चहा बरा मिळतो, फार गोड मात्र.

सायकलींची दोन-तीन दुकानं बाजारात आहेत. आम्ही हमीदभाईंकडं गेलो. गडी बोलका. त्यांनी आधी चांदीसारखी चमकणारी जोडी पुढं केली.

"पंडितजी, ये देखो! नवाबाची सवारी वाटंल."

त्या चाकांना तारा कमी होत्या आणि किमतीत दुभती शेळी आली असती. शिवाय माझी सायकल फिक्स चाकाची आहे. चाक फिरतंय तोवर पायडल फिरतच राहतं, उतारावरही पायांना सुट्टी नाही. हमीदभाई म्हणाले, "फ्रीव्हील बसवून घ्या, पाय आराम से ठेवा." पण माझ्या सायकलला ब्रेक एकच, तोही पुढचा. मागचा वेग मी पायांनीच आवरतो. आणि फ्रीव्हील बिघडलं तर वालुरात ते उघडणार कोण?

"वापरलेली पण दणकट दाखवा," मी म्हणालो.

कोपऱ्यातून काळ्या रंगाची लोखंडी जोडी निघाली. मागच्या चाकाला चाळीस तारा, पुढच्याला बत्तीस. रंग उडालेला, पण गंज आत शिरलेला नव्हता. चाक फिरवून कडेला खडू धरला. खडू सगळीकडं सारखा घासला, म्हणजे चाक वाकडं नव्हतं. एकेक तार छेडून ऐकली. दोन तारा ढिल्या बोलल्या, त्या आवळून घेतल्या. तुम्हीही जुनी चाकं घ्याल तर एवढं जरूर करा. किंमत नव्या जोडीच्या निम्म्याहून कमी.

चाकं बसली. हमीदभाई म्हणाले, "भाभी, पसंद?"

"बसल्याबिगर कसं सांगू?" गंगू म्हणाली आणि पदर खोचून भर बाजारात मागं बसली. मी धरून उभा. तिनं दोनदा अंग आदळलं. चाक हूं की चूं करेना. हमीदभाईंनी हात जोडले. "बस करो भाभी, कॅरियर तुटंल!"

लुगडं तारांत अडकू नये म्हणून चाकाच्या दोन्ही बाजूंना गोणपाट बांधून दिलं. बसायला गोधडीची घडी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच परभणीहूनच पाथरीला जायला मानवतच्या रस्त्याला लागलो. मुरमाचा रस्ता, दोन्हीकडं कणसं टाकलेली ज्वारी. पहिल्या तासात गंगू प्रत्येक खड्ड्याला माझा सदरा मुठीत आवळायची. मग एक लांब उतार आला. माझे पाय पायडलांबरोबर गरगर फिरायला लागले, धोतर फुगलं, आणि मागून हसू फुटलं.

"अहो, पाय हायेत का रहाट?"

शेतात हुरडा भाजणाऱ्या एका आजोबांनी हाक मारली, "कुठं जायलाव जोडीनं?"

"माहेरी!" मी तोंड उघडायच्या आत गंगूच ओरडली. त्यांनी ओंजळभर हुरडा आणि लसणाची चटणी दिली. इतका गोड हुरडा मी कुठंच खाल्ला नाही.

उन्हं कलताना पाथरी आली. सासूबाई ओसरीत बाजेवर होत्या. लेकीला कुरवाळून झाल्यावर त्यांची नजर सायकलवर गेली.

"गंगे, पडली न्हाईस?"

"एकदा पण नाही."

सासूबाईंनी कॅरियरकडं बोट केलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, ती गोधडी जरा जाड करा. मला महादेवाला जायचंय."

मी घाबरलो. गंगू मात्र गोधडी दुमडायला लागली होती. आम्ही दोघांनी त्यांना उचलून बसवलं. मी हँडल धरून चालत होतो, गंगू त्यांच्या पाठीला हात लावून. गल्लीतल्या बाया दारात आल्या. सासूबाई एकेकीला नावानं हाक मारत होत्या, "सोने, बरी हायेस का? तुझी गाय व्याली का गं?" महादेवाच्या पायरीशी पोचलो तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, पण हाका थांबल्या नव्हत्या.

चार दिवस राहिलो. रोज संध्याकाळी ही फेरी झाली.

आता वालुरात परतलोय. मांड्या अजून दुखतात. दोघांनी जाणार असाल तर पिण्याचं पाणी जास्त घ्या, आणि उतारावर पाय पायडलांवरून काढू नका. काल शेजारीण गंगूला विचारत होती, "इतक्या लांब गेलीस, काय काय बघितलंस?"

मला वाटलं, ती रेल्वेचं सांगेल, परभणीच्या बाजाराचं सांगेल.

गंगू म्हणाली, "माझी आई बघितली. सगळ्या गल्लीत उंच बसलेली."