दादाच्या हातावर चापट

मंडळी, माझा थोरला भाऊ गतिमंद आहे. आजपर्यंत सांगलीजवळच्या एका निवासी संस्थेत राहायचा. आज तिथं कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं जेवण होतं.

ताटं वाढून सगळ्यांना फोटोसाठी हात जोडून बसवलेलं. मी मोबाइलवर व्हिडिओ घेत होतो. दादाला दम निघेना. त्यानं जिलेबी उचलली, तर संस्थाचालकानं फाडकन हातावर मारलं. मी त्याची कॉलरच धरली.

"कॉलेज अर्ध्यात सोडलंस, आन् आमाला शिकवतोस व्हय रं?" तो माझ्यावरच गुरगुरला.

जिच्यावर माझा जीव आहे, तिचाच हा बाप. मघाशी तिचा फोन आला, "व्हिडिओ टाकू नगंस, तुला माझी शपथ."

शपथ मोडून व्हिडिओ टाकतोय. त्याला जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही.

दादाला घरी आणलंय. संस्थेतल्या बाकीच्यांच्या घरचे हे वाचतायत का?