साधनाची जागा

रुक्मा लग्न होऊन भंडाऱ्याकडून दुर्गला आली तेव्हा धोंडबाला रेल्वेत गँगमनची नोकरी होती, पण क्वार्टर मिळालं नव्हतं. बोरसीच्या बाजूला नाल्याच्या काठी विदर्भातून आलेल्या लोकांची एक वस्ती होती. कुणी रेल्वेत, कुणी भिलाईच्या प्लांटमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली. तिथेच त्या दोघांनी मातीचं घर बांधलं. उन्हाळ्यात नाल्यात शेळ्या बसायच्या. पावसाळ्यात पाणी उंबऱ्याशी यायचं, एखाद्या दिवशी आतही शिरायचं. बायका भांडी फळीवर चढवून ते उतरायची वाट बघायच्या. दरवर्षीचंच ते, म्हणून कुणी त्याला पूर म्हणत नसे.

आणीबाणी उठली त्या वर्षी मात्र पूर आला. त्या दुपारी वस्तीवर पाऊस नव्हताच, चांगलं ऊन पडलं होतं. रुक्मा धुणं वाळत घालत होती आणि तिची लहानगी साधना शेजारच्या वच्छलाबाईंच्या अंगणात दुसऱ्या पोरींबरोबर खेळत होती. पाऊस वर, माळावरच्या गावांकडे झाला होता. पाणी आलं ते मुरमासारखं लाल, आणि एकदम आलं. वच्छलाबाईंनी हाताला लागतील त्या पोरी ओढून ओट्यावर टाकल्या. साधना त्यांच्या हाताला लागली नाही.

ती संध्याकाळी सापडली, बरीच खाली, बाभळीच्या झुडपात.

तिला पुरायला वस्तीजवळ कोरडी जागा उरली नव्हती. नाल्याकाठचं मसणही पाण्याखाली होतं. सकाळी धोंडबा तिला घेऊन नाल्याच्या कडेकडेने वर चालत गेला, मागे वस्तीतली माणसं. वरच्या गावाचा एक जुना तलाव होता. त्याची पाळ फुटून जमाना झाला होता, पाणी थांबत नसे, पोटात नुसतं गवत. तिथे गुरं चारणाऱ्या सुखराम नावाच्या माणसाने काही न विचारता तलावाच्या पोटातलीच उंच अंगाची जागा दाखवली आणि स्वतः कुदळ घेतली.

पुढे रुक्मा अधूनमधून तिथे जाऊन बसू लागली. सुखरामची बायको तिला पाणी आणून द्यायची. ही आपल्या बोलीत बोलायची, ती छत्तीसगढीत. दोघींचं भागायचं. नंतर रुक्माला मुलगा झाला, विजयकुमार. त्याला कडेवर घेऊनही ती जायची.

असे काही पावसाळे गेले. दर पावसाळ्यात कुणाचं ना कुणाचं घर बसायचं. वस्तीत गुलाबराव म्हणून प्लांटमधले एक फोरमन होते, बुद्धविहाराचं कामही तेच बघायचे. नाल्याला भिंत बांधा म्हणून अर्ज देऊन कंटाळल्यावर ते एका रविवारी चार माणसं घेऊन पाणी येतं कुठून ते बघायला वर गेले. गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलताना उलगडा होत गेला. माळावर एके काळी झाडी होती, ती सरपणात गेली. रस्त्यांसाठी मुरूम खोदून उतार उघडा पडला. वर तलावाची पाळ फुटलेली. पूर्वी जे पाणी मुरायचं, थांबायचं, ते आता सरळ वस्तीवर येत होतं. आणि त्याच गावाचं धान दिवाळीच्या आधी पाण्यावाचून वाळत होतं. वरच्यांना पाणी हवं होतं, खालच्यांना नको होतं. दोघांनी मिळून काम करायचं ठरवलं.

रविवार आला की वस्ती वर जायची. घळींमध्ये दगडांचे बांध घातले, उतारावर करंज आणि बांबू लावले, तिथली चराई गावाने बंद केली. मग तलावाची पाळ बांधायला घेतली. रुक्मा पहिल्या दिवसापासून डोक्यावर घमेलं घेऊन होती. लेकीच्या जवळ काम आहे, एवढंच तिच्या मनात होतं. पाणी थांबलं म्हणजे ते कुठवर येईल, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याने सांगितलं असेल.

गुलाबराव पाण्याच्या पातळीच्या खुंट्या ठोकत उंच अंगाला आले, आणि साधनाला मागे टाकून आणखी वर गेले. रुक्माने घमेलं खाली ठेवलं.

"भाऊ, पाणी इथवर येईन का?"

गुलाबराव म्हणाले, "तलाव भरला तर येईन, ताई."

ती एकटीच खाली उतरून घरी गेली. धोंडबा मागून आला तेव्हा चूल पेटलेली नव्हती.

"तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं कावून नाई?"

"कसं सांगू?" धोंडबा म्हणाला, आणि दाराशी बसून राहिला.

विहारात बैठक झाली. जागा पाण्याखाली जाऊ दे, असं रुक्माला विचारायचं नाही, असं ठरलं. त्यावर सगळ्यांत जास्त वच्छलाबाईच अडून बसल्या. शेवटी पाळ पूर्ण करायची, पण जादा पाणी बाहेर सोडणारा सांडवा खाली ठेवायचा, म्हणजे पाणी साधनापर्यंत पोचणार नाही, असा तोडगा निघाला. तलावात कमी पाणी मावेल, उरलेलं खाली वस्तीकडे येईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं. पूर्वीसारखं अंगावर धावून नाही, पण आलं, आणि वच्छलाबाईंच्या घराची मागची भिंत त्यांच्या अंगावर पडली. जीव वाचला, कंबर मात्र कायमची गेली.

वस्तीत रुक्माला कुणी शब्दाने दुखावलं नाही. पूर्वीसारखेच लोक तिच्याकडे हळद, मीठ मागायला येत. तेच तिला सोसवेना. ती दवाखान्यात वच्छलाबाईंच्या खाटेशी जाऊन बसली. वच्छलाबाईच म्हणाल्या, "तू कावून मान खाली घालून राहिली, रुक्मा? तुयी पोरगी मायाच आंगनातून गेली. थो हात मले अजून रिकामा वाटते."

रुक्मा तिथून सरळ गुलाबरावांच्या घरी गेली. त्यांनी बस म्हटलं, ती बसली नाही.

"सांडवा उचला, भाऊ."

"ताई, धोंडबाले..."

"त्यायले मी सांगतो. तुमी उचला."

उन्हाळ्यात सांडवा उचलून उंच केला. त्या पावसाळ्यात तलाव हळूहळू भरत गेला. रुक्मा पाळीवर जाऊन उभी राहायची. आधी साधनाच्या जागेवरच्या गवताची मुळं भिजली, मग शेंडे तेवढे दिसायचे, मग तेही दिसेनात. धोंडबा एकदाही आला नाही. घरीही त्याने तो विषय काढला नाही, मरेपर्यंत.

नंतरची काही वर्षं नाला भरून वाहिला, पण काठ सोडून वर आला नाही. एकदा तर दुर्गच्या खालच्या भागांत घरं बुडाली आणि वस्ती कोरडी राहिली. विहारात बुंदी वाटली. रुक्मानेही घेतली. वस्तीत वाढणाऱ्या नव्या पोरांना पाण्याची भीतीच नव्हती. ती नाल्याशी खेळायला गेली की एकटी रुक्मा त्यांना ओरडायची, आणि ती हसायची.

मग एक साल पावसाने दगा दिला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तलाव पार आटला. गाळ काढायला याहून चांगली वेळ नाही, असं गाव म्हणालं. धोंडबा तोवर गेला होता, विजयकुमार प्लांटमध्ये लागला होता. रुक्मा एकटीच वर गेली. उतारावरून वर्षानुवर्षं आलेल्या मातीने तलावाचं पोट सपाट झालं होतं. साधनाची जागा सोडून खोदू, गुलाबराव म्हणाले. पण जागा कुठली? रुक्मा बरंच फिरली. इथे म्हणाली, मग तिथे म्हणाली. सुखरामही आता म्हातारा झाला होता. त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

सगळे फावडी टेकून तिच्याकडे बघत होते.

"खंदा," ती म्हणाली. "सगळंच खंदा."

गाळ बैलगाड्यांनी गावाच्या शेतांत पडला, सुखरामच्याही. त्या वर्षी धान चांगलं झालं. दिवाळीनंतर सुखराम आपल्या त्या शेतातले थैलीभर नवे तांदूळ घेऊन वस्तीत आला. रुक्माने त्याला चहा दिला, बायकोची खबर विचारली. रात्री तिने ते तांदूळ शिजवले. विजयकुमारने दोनदा भात मागून घेतला. तू भी खा ना माय, तो म्हणाला. भूक नाही म्हणून ती उठली आणि भांडी घासायला बसली.