आडनाव न विचारणारी माणसं

नवऱ्याला एखाद्या बाईचा नाद असता, तर तिच्या झिंज्या उपटून मी मोकळी झाले असते. आमच्या ह्यांना नाद लागला इंटरनेटचा, आणि त्याला झिंज्या नव्हत्या.

हे कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका कचेरीत साहेब होते. कचेरी सुटली की जवळच्या सायबर कॅफेत, प्लायवूडच्या खोपटात बसून जगभरच्या लोकांशी चॅटिंग करायचे. इकडे जेवण गार व्हायचं, मुलीचा अभ्यास तसाच राहायचा. एकदा मी तणतणत तिथंच जाऊन उभी राहिले. म्हटलं, "अहो, एवढं हाय तरी काय त्यात?"

"तिथं वय इचारत्यात, गाव इचारत्यात," हे म्हणाले. "आडनाव कोन इचारत न्हाय."

आम्ही बौद्ध. कोल्हापूरची माणसं मोठी मोकळी, एस.टी.त शेजारी बसला तरी "पावणं, कुठलं म्हनायचं?" करून गप्पांना सुरुवात. पण आडनाव कळलं की "असं व्हय" म्हणायची आणि रंगात आलेलं बोलणं तिथंच थंड व्हायचं. साहेबाच्या खुर्चीत बसूनही ह्यांचं ते "असं व्हय" काही चुकलं नाही. मला संताप यायचा. हे नुसते गप्प व्हायचे, आणि ती गप्प राहायची सवय घरीही घेऊन यायचे.

शेवटी मीच हट्टानं घरी कॉम्प्युटर आणि ब्रॉडबँड आणायला लावलं. माणूस निदान घरात तरी राहील! राहिला की, आमच्याकडे पाठ करून. मुलगी दहावीचा निकाल सांगायला धावत आली, तर "व्हय, व्हय" म्हणून टाइप करत राहिले. मी भांडले, वायर उपटली, माहेरी पेठ वडगावला जाऊन बसले. न्यायला सासरे आले, हे नाहीत.

पुढं सासरे वारले. पुण्यानुमोदनाला घर माणसांनी भरलं होतं. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, आणि हे कुठं दिसेनात. आतल्या खोलीत पाहिलं तर कॉम्प्युटरसमोर हमसाहमशी रडत इंग्रजीत काहीतरी लिहीत होते. मी मागं उभी राहून वाचलं. ह्यांनी लिहिलं होतं: हायस्कूलच्या पहिल्या दिवशी वडील चालत सोडायला आले होते. फाटकाशी त्यांनी डोक्याचा पटका सोडला, त्यानं माझे चिखलाचे पाय पुसले आणि म्हणाले, आता जा. पलीकडून कुठल्याशा देशातलं माणूस लिहीत होतं, अजून सांग, मी ऐकतोय.

एवढा संसार झाला, ह्यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं. त्या परक्या माणसाचा मला असा हेवा वाटला की रडू आलं. मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मला पन सांगा की," म्हटलं.

हे दचकले. झटक्यात डोळे पुसले, समोरचं सगळं बंद केलं आणि उठले.

"समद्यांचा च्या झाला काय?" ह्यांनी विचारलं.

झाला, म्हणाले मी. त्यानंतर ह्यांना काही सांगा म्हणायचं मी सोडून दिलं.